उजवीकडची दुसरी रांग

माझी मुलगी परदेशात असते. दोन वर्षांतून एकदा मला बोलावून घेते, आणि माझे गुडघे बघून हल्ली पुढच्या, महागड्या वर्गाचं तिकीट काढते. तिकीट काढताना फोनवर विचारते, "बाबा, खिडकी हवी ना?" मी म्हणतो, "नुसती खिडकी असून भागत नाही. पंख कुठं येतो ते बघ. ऊन कुठल्या बाजूला असेल ते बघ. आणि त्या वर्गाची शेवटची रांग घेऊ नकोस." तिला हसू येतं. आपल्या बापाला एवढं विमानातलं कळतं याचं तिला कौतुकही वाटतं. पण ते ज्ञान माझं नाही. भिलाईला कारखान्याच्या ट्रेनिंग सेक्शनमध्ये रामटेकेबाबू म्हणून एक कारकून होते, त्यांचं आहे. आणि एवढं बघून घेतलेल्या त्या खिडकीशी बसल्यावर मी पडदा ओढून घेतो, हे मी मुलीला कधी सांगितलेलं नाही.

साठच्या आसपासची गोष्ट. कारखाना उभा राहत होता. अर्धी भिलाई लोखंडी सांगाड्यांची होती आणि अर्धी लाल मुरमाची. सकाळी धुऊन घातलेला सदरा दुपारपर्यंत विटकरी व्हायचा. रामटेकेबाबूंचा मात्र पांढरा राहायचा, तो कसा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बुटका माणूस, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, कानामागं पेन्सिल. मी ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. एक दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शिवणकर भाऊ, मले एक विमान काढून द्या."

मला वाटलं, कुणाच्या पोराला खेळायला हवं असेल. तर त्यांनी खिशातून एका रशियन मासिकातलं कापलेलं चित्र काढलं. म्हणाले, "वरतून दिसते तसं काढा. रांगा दाखवा. खिडक्या दाखवा. पंख मात्र जथी आहे तथीच पायजे, इकडं तिकडं नको."

त्या काळी आमची माणसं शिकायला रशियाला जायची. भट्टीवरचे, रोलिंग मिलवरचे, क्रेनवरचे. सहा महिने, वर्षभर राहून परत यायची. त्यांचे पासपोर्ट, तिकिटं, गरम कपड्यांच्या याद्या, सगळं रामटेकेबाबूंच्या टेबलावरून जायचं. ते स्वतः नागपूरच्या पलीकडं गेलेले नव्हते. पण माझं ते विमान त्यांनी आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं आणि जाणाऱ्या प्रत्येक माणसाला जवळ बोलावून समजावायला सुरुवात केली. जाताना उजवी बाजू, कारण डोंगर उजवीकडं. येताना डावी. पंखाच्या पुढं मिळाली तर उत्तम, नाही तर पार मागं. मधे नको. दिल्लीला पालम विमानतळावर काउंटरशी आधी जाऊन उभं राहा, लाजू नका, तोंड उघडून मागा.

प्रत्येकाला ते एक जाड पांढरं कार्डही द्यायचे. कुठली बाजू, कितवी रांग, निघाल्यावर किती वेळानं, आणि काय दिसलं. विमानातच लिहायचं, नंतर आठवून नाही. माणूस परत आला की दोन दिवसांत ते कार्ड मागून घेणार म्हणजे घेणारच. मॉस्को कसं होतं, बर्फ किती होता, तिकडच्या बाया कशा होत्या, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी काहीही सांगितलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "पाह्यलं का आयकलं?"

भट्टीवरचा एक जण आल्या आल्या म्हणाला, "बाबूजी, हिमालय दिसला!"

"तिथं नाव लिवलं होतं का?"

"नाव कसं असंल?"

"मंग काय दिसलं ते सांगा."

तो बिचारा डोकं खाजवून म्हणाला, "पांढरं. दुमडलेलं. निऱ्या घातल्यावानी."

रामटेकेबाबूंनी विमानाच्या उजव्या अंगाला बारीक अक्षरात शाईनं लिहिलं, 'पांढरं, दुमडलेलं.' हिमालय त्या भिंतीवर कधीच आला नाही.

एक मोठे साहेब पहिल्या दर्जानं निघाले होते. रामटेकेबाबू त्यांनाही सांगायला गेले की पुढच्या दर्जाची शेवटची रांग तेवढी घेऊ नका. साहेब म्हणाले, पहिल्या दर्जाचं तिकीट आहे, मला तू जागा शिकवणार? गेले आणि नेमके त्याच रांगेत बसले. परत आल्यावर कार्ड मागितलं तर भडकले, "विंग दिसला! सहा घंटे विंग!" रामटेकेबाबूंनी शांतपणे त्या खिडकीपुढं लिहिलं, 'पंख. खिळ्यांच्या चार ओळी.' मग मला म्हणाले, "पैशानं खुर्ची मोठी भेटते भाऊ. पंख काही सरकत नाही."

लोक त्यांना खिडकीबाबू म्हणायचे. मीही म्हणायचो, पाठीमागं. प्रत्येक कारखान्यात असा एखादा छंदिष्ट असतो, तसा हा एक, एवढंच मी धरून चाललो होतो.

माझी रशियाची ऑर्डर आली तेव्हा ते मला घरी घेऊन गेले. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, नवीन, हार ताजा. खिडकीशी खाट, आणि खाटेवर तीन उशा लावून त्यांची बायको सगुणाबाई बसलेली. हृदयाचं दुखणं होतं. पडून राहिलं तर श्वास लागायचा, चाललं तरी लागायचा. मूलबाळ नव्हतं. त्या खिडकीतून कोक ओव्हनच्या भट्ट्यांचा धूर दिसायचा आणि एक अर्धवट बांधलेली टाकी. दोन वर्षं त्या बाईनं तेवढंच पाहिलं होतं.

ती कार्डं कुणासाठी होती हे मला त्या दिवशी कळलं. परत आलेल्या प्रत्येक माणसाला रामटेकेबाबू घरी चहाला बोलवायचे, म्हणजे त्यानं सगुणाबाईला आपल्या तोंडानं सांगावं. बरेच जण यायचे. चहाला मात्र "नको, आत्ताच झाला" म्हणायचे. हे लोक धम्म घेतलेले, पूर्वीचे कोण ते सगळ्यांना ठाऊक. शिकायला मॉस्कोपर्यंत गेलेली माणसं त्या कपापर्यंत जात नव्हती. मी चहा प्यालो आणि आपण फार काही केलं असं वाटून छाती फुगवून बाहेर पडलो. आज त्या फुगलेल्या छातीची लाज वाटते.

निघताना रामटेकेबाबूंनी कार्ड दिलं आणि म्हणाले, "पंखाच्या पुढं, उजवीकडची दुसरी रांग. ते पहिल्या दर्जाचं पडते, पण कधी कधी रिकामी राहते. विचारून पाहा. आजपर्यंत तथी आपलं कोणी बसलं नाही."

मी विचारलं आणि खरोखरच मिळाली. शेजारी एक रशियन इंजिनियर होता. तो आपण होऊन उठला आणि मला खिडकीकडं बसवलं. दुर्गहून दिल्लीपर्यंत दोन रात्री मी गाडीत उभ्याउभ्यानं काढल्या होत्या. खुर्ची मऊ होती. विमान वर गेल्याचं आठवतं, खाली शेतं आठवतात. नंतर रशियनानं खांदा हलवला तेव्हा ताश्कंद आलं होतं. गालावर काचेचा गारवा आणि मांडीवर कोरं कार्ड. येताना तर बाहेर काळोखच होता.

कार्ड मी परत आल्यावर, हॉस्टेलच्या टेबलाशी बसून भरलं. कोरं कसं देणार? त्यांनी सगळ्यांत चांगली जागा मला दिली होती. आधी पांढरं, दुमडलेलं, हे लिहिलं. ते बाकीच्यांनी पाहिलेलंच होतं. पण दुसऱ्या रांगेतून काहीतरी जास्त दिसायला हवं ना! म्हणून लिहिलं, 'डोंगरांच्या मधे एक तळं. निळं.'

"पाह्यलं का आयकलं?" रामटेकेबाबूंनी विचारलं.

"पाहिलं."

त्यांनी कार्डाकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी ते तळं भिंतीवर लिहिलं.

सगुणाबाईला मी ते रंगवून सांगितलं. ड्राफ्ट्समनच तो, कागद घेऊन काढूनही दाखवलं. ती ऐकत होती. पांढऱ्या डोंगरांशी तिला काही घेणं नव्हतं. तिनं एकच विचारलं, "काठावर कोण होतं?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाई?"

"चिटपाखरू नाही."

"येवढं पाणी, अन् काठावर कोणीच नाई," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. मग मला म्हणाली, "भाऊ, आणखीक एक खेप सांगा."

मी आणखी एकदा सांगितलं. खोटं दुसऱ्यांदा सांगताना जास्त सोपं जातं.

त्यानंतर ती येणाऱ्या प्रत्येकाला तळ्याचं विचारू लागली. कुणालाच दिसलं नव्हतं. तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं की ते दुसऱ्या रांगेतूनच दिसतं आणि बाकीचे चुकीच्या जागी बसतात. रामटेकेबाबू म्हणायचे, "ढग असतीन." मी त्या घरी जाणं कमी केलं. वाटेत भेटले तर घाईत असल्यासारखं दाखवायचो.

पुढं वर्षभरानं असं झालं की एका तुकडीबरोबर जाणारा अधिकारी ऐन वेळी काविळीनं पडला. तुकडीत बारा जण, सगळे खेड्यातले, आणि कागदपत्रांचा ढीग. मोठ्या साहेबांनी सांगितलं, रामटेकेला पाठवा, त्याला सगळं तोंडपाठ आहे, पोचवून दहा दिवसांत परत येईल. राखीव म्हणून त्यांचा पासपोर्ट कधीचा तयार होता. तिकीट त्या अधिकाऱ्याचंच, पहिल्या दर्जाचं.

आमच्या ऑफिसात पेढे वाटावेत असा आनंद झाला लोकांना. रामटेकेबाबूंना नव्हता. सगुणाबाईचे पाय सुजले होते, डॉक्टरनं हात टेकले होते. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. तीच ऐकेना. "तुमी एक डाव आपल्या डोयानं पाहून या," एवढंच धरून बसली. शेजारची बाई तिच्याजवळ राहायला आली आणि ते तयार झाले.

खरं सांगून टाकायचं म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्या टेबलाशी गेलो. ते कुणाचा तरी मागून आणलेला कोट घालून बघत होते. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी म्हटलं, "बाबू, त्या तळ्याचं..."

"दुसरी रांग," ते म्हणाले. "माहीत आहे मले."

मी म्हटलं, "प्रवास नीट करा," आणि परत फिरलो. जन्मात केलेल्या सगळ्या भित्रेपणात तो पहिल्या नंबरचा.

ते परत आले त्या दिवशी दुपारी मला निरोप आला, ताबडतोब घरी या. गेलो. सगुणाबाई फार उतरली होती, पण केस विंचरून बसली होती. रामटेकेबाबू खुर्चीवर, अजून त्याच कोटात. शिवणकर भाऊ आल्याशिवाय एक शब्द सांगायचा नाही, म्हणून तिनंच त्यांना थांबवून धरलं होतं. तळं पाहिलेला मी एकटा. दुसऱ्याची साक्ष ऐकायला पहिला साक्षीदार हवा होता तिला.

"आता सांगा," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. वाचू लागले. "उजवीकडची दुसरी रांग. निघाल्यावर वीस मिन्टानं शेतं. मंग नदी. रेती लय, पाणी कमी. मंग पांढरं, दुमडलेलं."

थांबले. मी त्यांच्या बाजूलाच बसलो होतो. कार्ड मला दिसत होतं. 'पांढरं, दुमडलेलं'च्या खाली काही नव्हतं.

"जेवले नाई तुमी इमानात?" तिनं विचारलं.

"ताट आलं होतं. मी वापस केलं. खाली पाहून राहिलो होतो."

"मंग?"

नाव लिहिलेलं दिसलं नाही म्हणून भिंतीवर हिमालयसुद्धा न लिहिणारा तो माणूस. मला वाटलं, आता हे बोलणार, काही नाही तिथं. आणि बोलले असते तर माझ्याकडं बोट दाखवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. मी फरशीकडं बघत होतो.

"मंग तळं," रामटेकेबाबू म्हणाले.

"निळं?"

"निळं नाई. हिरवं. आपल्या गावच्या तळ्यावानी."

तिचा श्वास जोरात चालला होता. "काठावर कोण होतं?"

ते कार्डाकडं बघत राहिले, जणू तिथं लिहिलं होतं.

"बाई होती एक. घागर भरून राहिली होती."

"मंग?"

"मंग काय? भरली, डोक्सावर घेतली अन् चालली गेली."

"कोणी काही म्हणलं तिले?"

"कोणी नाई म्हणलं."

सगुणाबाईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण डोळे न उघडताच ती म्हणाली, "येवढ्या वरतून बाई दिसली तुमाले?"

"पहिल्या दर्जाची खिडकी होती, सगुणा," ते म्हणाले.

महिना भरायच्या आत ती गेली. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवरचा कागद काढून घेतला, तो कुठं ठेवला कुणास ठाऊक. नोकरीचा राजीनामा दिला. लोक म्हणाले, वेडा आहे, एवढी पक्की नोकरी. मी त्यांना पोचवायला दुर्ग स्टेशनवर गेलो.

गोंदियाकडची पॅसेंजर लागायची होती. त्यांच्याजवळ एक पेटी आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाडगं, एवढंच. पेटी मी उचलली. गाडग्याला त्यांनी हात लावू दिला नाही. आम्ही बाकावर बसलो आणि मी अखेरीस ते बोललो. झोपलो होतो, म्हणालो. तळं नव्हतंच, म्हणालो.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "इमान हालते, भाऊ. तथी बसून लिवलं का अक्षर हालते. तुमचं कार्ड नकाशावानी सरळ होतं."

"मग मला तेव्हाच बोललात का नाही?"

"तिनं त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले."

मी विचारलं, "मग माहीत असून तुम्ही सगळी वाट खाली का पाहत राहिलात? ताट परत केलंत?"

"वाटलं, भाऊ खोटं बोलले असतीन. पण तळं खरंच निंगालं तर?"

मग त्यांनी गावच्या तळ्याचं सांगितलं. मोठं तळं, आमगावच्या पुढं, गाडीतून डाव्या हाताला दिसतं. यांच्या लोकांनी खालच्या डबक्यातून भरायचं. वर पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, कुणी ना कुणी बसलेलं असायचंच, राखायला. सगुणा नऊ-दहा वर्षांची असताना एकदा दुपारी कुणी नाही असं बघून वर गेली. होतं कुणीतरी. घागर फोडली आणि पाठीवर वळ उठले. पुढं जन्मभर कुठलंही तळं म्हटलं की ती आधी काठावर कोण आहे ते विचारायची.

आमच्या गावालाही तळं आहे. माझ्या आजोबांची दुपारची बसायची जागा त्या पाळीवर होती. तिथं त्यांना गार वारा लागतो, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं होतं, आणि मी ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. हे मी रामटेकेबाबूंना सांगितलं नाही. आमचा गाव त्यांना माहीत होता. अक्षरावरून माणूस ओळखणाऱ्याला तेवढं कळलं असणारच.

गाडी आली. गर्दी होती. निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं म्हणून मी धावत जाऊन डाव्या बाजूच्या खिडकीतून आत रुमाल टाकला. पंख नाही, काही नाही, सरळ डावी खिडकी. मोठ्यानं ओरडलो, "बाबू, या! जागा धरली!"

ते डब्यात चढले, पण आत गेले नाहीत. मी वर दिलेली पेटी पायाशी ठेवून दारातच उभे राहिले.

"तिथं काठावर कोणी असलं तर?" मी खालून विचारलं. गाडग्यात काय आहे ते दोघांनाही माहीत होतं.

"असू द्या."

"खिडकीशी बसा तरी. लांबचं आहे."

"खिडकी दुसऱ्या कोणाले द्या, भाऊ," रामटेकेबाबू म्हणाले. "वरतून पाहून झालं. मले आता उतराचं आहे."

गाडी हलली. माझ्या रुमालावर एक म्हातारी बसलेली दिसली, आणि पुढच्या दारात ते, पांढऱ्या सदऱ्यात, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. एका हातानं दांडी धरली होती. दुसऱ्या हातानं गाडगं छातीशी धरलं होतं, पाण्याची भरलेली घागर धरतात तसं.